विश्लेषण : धुतलेली गाडीही खरखरीत का लागते? रंगात रुतलेले कण घरच्या घरी काढावेत का?

पांढऱ्या गाडीच्या दारावर पारदर्शक द्रावाचा फवारा मारला जातो आणि दोन-तीन मिनिटांत त्यावरून जांभळे ओघळ वाहू लागतात. मग मातीच्या गोळ्यासारखे काहीतरी पत्र्यावर फिरवले जाते. गोळा काळा पडतो आणि गाडी आरशासारखी चमकते. अशा चित्रफिती इन्स्टाग्राम, फेसबुक आणि यूट्यूबवर हमखास दिसतात. त्या पाहून अनेक जण आयर्न रिमूव्हरची बाटली आणि क्ले बार ऑनलाइन मागवतात आणि रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कामाला लागतात. चित्रफितीत दिसणारी प्रक्रिया खरी आहे, पण तिची किंमत त्यात सहसा दिसत नाही. गाडीच्या रंगावरचा संरक्षक थर अतिशय पातळ असतो आणि एकदा घासला गेला की तो परत येत नाही. त्यामुळे हे कण कुठून येतात, कशाने निघतात आणि कधी थांबायचे, हे आधी समजून घेणे गरजेचे ठरते.

धुतल्यावरही खरखर का राहते?

गाडीवर बसणारी घाण दोन प्रकारची असते. पहिली नुसती वर बसलेली, म्हणजे धूळ, चिखल, परागकण. ती पाणी आणि शाम्पूने निघते. दुसरी रंगाच्या वरच्या थराला चिकटलेली किंवा त्यात रुतलेली. यात लोखंडाचे सूक्ष्म कण, डांबराचे ठिपके, सिमेंटचे शिंतोडे, इमारत रंगवताना उडालेल्या रंगाचे तुषार, झाडांचा चीक आणि पाण्यातल्या क्षारांचे डाग येतात. ही घाण शाम्पूने निघत नाही, कारण शाम्पूचे काम सुटी धूळ आणि तेलकटपणा उचलण्याचे असते.

फरक ओळखायची चाचणी अगदी सोपी आहे. गाडी धुऊन पुसल्यावर हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालावी आणि बोटांची टोके बॉनेटवरून हलकेच फिरवावीत. पिशवीमुळे बोट सहज सरकते आणि एरवी न जाणवणारा बारीकसा उंचवटाही लगेच जाणवतो. पत्रा काचेसारखा गुळगुळीत लागला तर पुढे काहीच करण्याची गरज नाही. बारीक पॉलिश पेपरवरून बोट फिरवल्यासारखे वाटले तर कण रुतलेले आहेत. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर ते डोळ्यांनाही दिसतात. मागच्या दारावर आणि डिकीच्या झाकणावर बारीक नारिंगी ठिपके असतात आणि अनेकांना वाटते की पत्राच गंजू लागला. बहुतेक वेळा पत्रा शाबूत असतो. गंजलेला असतो तो वरून येऊन बसलेला लोखंडाचा कण.

हे लोखंड येते कुठून?

मुख्य स्रोत गाड्यांचेच ब्रेक. बहुतेक गाड्यांच्या डिस्क बिडाच्या असतात. ब्रेक दाबला की पॅड डिस्कवर घासतो आणि दोन्हींची झीज होऊन सूक्ष्म भुकटी उडते. त्यातली काही चाकांच्या रिमवर बसते, काही रस्त्यावर पडते आणि उरलेली हवेत मिसळून आपल्या किंवा मागून येणाऱ्याच्या गाडीवर जाऊन बसते. सिग्नलवर, घाटात आणि वाहतूक कोंडीत ब्रेक जास्त लागतात, तिथे ही भुकटीही जास्त असते.

दुसरा स्रोत रेल्वेचा. लोखंडी चाके लोखंडी रुळांवर घासतात आणि गाडी थांबताना ब्रेकचीही झीज होते. मुंबईत लोकलच्या मार्गालगत वर्षानुवर्षे उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर नारिंगी ठिपके लवकर दिसू लागतात ते यामुळे. तिसरा स्रोत ग्राइंडर आणि वेल्डिंगचा. गल्लीतले ग्रिल-फॅब्रिकेशनचे दुकान, मेट्रो किंवा उड्डाणपुलाचे काम, सोसायटीत चाललेली गेटची दुरुस्ती अशा ठिकाणी उडणारी ठिणगी म्हणजे तापलेला लोखंडाचा कण असतो. तो रंगावर पडला तर थेट रुतून बसतो.

पुढची गोष्ट पाऊस आणि दमट हवा करते. रुतलेल्या कणाला ओल लागली की तो गंजतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा जास्त असते, त्यामुळे कण आपल्या जागी फुगतो आणि अधिक घट्ट बसतो. म्हणूनच उन्हाळ्यात दुर्लक्षित राहिलेले ठिपके पावसाळ्यानंतर ठळक दिसू लागतात.

जांभळा रंग म्हणजे नेमके काय?

आयर्न रिमूव्हरमध्ये साधारणपणे थायोग्लायकोलिक आम्लाचा क्षार असतो. हाच रसायनगट केस कुरळे किंवा सरळ करण्याच्या द्रावांत आणि केस काढण्याच्या क्रीममध्ये वापरला जातो. गाडीवर फवारल्यावर पार्लरची आठवण करून देणारा उग्र वास येतो तो त्यामुळे. हे रसायन गंजलेल्या लोखंडाला बांधून घेते आणि पाण्यात विरघळणारे जांभळट संयुग तयार होते. कण आतून सुटतो आणि पाण्याच्या धारेबरोबर वाहून जातो. घासावे लागत नाही, हा याचा सर्वांत मोठा फायदा.

मात्र दोन गैरसमज टाळायला हवेत. पहिला, ओघळ जितके गडद तितकी गाडी ‘खराब’ असे नसते. जांभळा रंग फक्त एवढेच सांगतो की तिथे लोखंड होते. रिमवर ओघळ नेहमीच गडद दिसतात, कारण ब्रेकची भुकटी तिथेच सर्वाधिक जमते. दुसरा, हे रसायन लोखंडावर चालते आणि फक्त लोखंडावरच. सिमेंट, डांबर, चीक किंवा क्षारांचे डाग यांना ते हात लावत नाही. त्यामुळे जांभळे ओघळ थांबले म्हणजे गाडी पूर्ण स्वच्छ झाली असे नाही आणि ओघळ आलेच नाहीत म्हणजे उत्पादन बनावट आहे, असेही नाही.

क्ले बार मातीचा असतो का?

नाव ‘क्ले’ असले तरी ती कुंभाराची माती नव्हे. चिकट, लवचीक कृत्रिम पदार्थात अतिशय बारीक घासणारे कण मिसळून हा गोळा बनवतात. तादाओ कोदाते या जपानी संशोधकाला त्यासाठी १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. त्या पेटंटचे शीर्षक होते ‘प्लॅस्टिक फ्लेक्झिबल ग्राइंडिंग स्टोन’, म्हणजे हवा तसा वळणारा घासदगड. या उत्पादनाबद्दल जाहिराती जे सांगत नाहीत, ते या शीर्षकात आहे. क्ले बार घाण ‘ओढून’ घेतो असे सांगितले जाते, पण मुळात तो घासण्याचेच साधन आहे.

काम असे चालते. पृष्ठभागावर भरपूर वंगण फवारले जाते. गोळा त्यावरून सरकताना सपाट रंगाला फारसा लागत नाही, वर आलेल्या कणाला मात्र अडतो, त्याला कापतो किंवा उपटतो आणि स्वतःत ओढून घेतो. हा उपटलेला कण गोळ्यात राहतो आणि पुढच्या फेरीत तोच रंगावर घासला जाऊ शकतो. म्हणून गोळा सतत मळून नवा भाग वर आणावा लागतो. वंगण कमी पडले, दाब जास्त झाला किंवा गोळा मळला नाही तर रंगावर बारीक धूसर ओरखडे उठतात. क्ले मिट आणि क्ले टॉवेल हे याचेच नवे प्रकार. ते जलद चालतात आणि पुन्हा वापरता येतात, पण नियम तेच राहतात.

मग जपायचे काय?

आजच्या बहुतेक गाड्यांवर रंगाचे अनेक थर असतात. पत्र्यालगत गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरते. काही गाड्यांवर ती याहूनही कमी असते. त्यात क्लिअर कोटचा वाटा साधारण ३५ ते ५० मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग आणि माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे उन्हापासून, पावसापासून आणि पक्ष्यांच्या विष्ठेपासून रंगाला वाचवणारा थर केसापेक्षाही पातळ आहे.

या थरात सूर्याची अतिनील किरणे शोषणारे घटक असतात. नीट वापरलेला क्ले बार या थरातून नगण्य भाग काढतो. खरा तोटा पुढच्या पायरीत होतो. क्लेमुळे उठलेले ओरखडे घालवायला पॉलिश करावे लागते आणि प्रत्येक पॉलिशमध्ये थोडा क्लिअर कोट जातो. गॅरेजमध्ये ‘रबिंग-पॉलिश’ म्हणून मशिनवर जे केले जाते, त्यात तो अधिक जातो. दरवर्षी दसऱ्याच्या आधी क्ले, मग रबिंग, मग पॉलिश असा क्रम लावला तर काही वर्षांत बॉनेट आणि छतावरचा क्लिअर कोट पांढुरका पडून त्याचे पापुद्रे सुटू लागण्याचा धोका वाढतो. रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांच्या छतावर असे पांढरे चट्टे दिसतात. तिथे कोणतेही पॉलिश उपयोगाचे नसते, तो भाग नव्याने रंगवावाच लागतो. म्हणून सोपे सूत्र असे : जे विरघळते ते आधी विरघळवावे, घासणे सर्वांत शेवटी ठेवावे आणि तेही गरज असेल तिथेच करावे.

घरी करायचे तर क्रम कोणता?

गाडी सावलीत असावी आणि पत्रा हाताला थंड लागायला हवा. गरम पत्र्यावर रसायन पटकन सुकते आणि डाग सोडते. मार्च ते मेमध्ये हे काम सकाळी लवकर किंवा सूर्य मावळल्यावर करावे.

पहिली पायरी धुण्याची. आधी नुसत्या पाण्याने सुटी धूळ उतरवावी. मग एका बादलीत शाम्पूचे पाणी आणि दुसरीत साधे पाणी घेऊन वरून खाली धुवावे. प्रत्येक भागानंतर कापड साध्या पाण्यात पिळले की त्यातली वाळू पुन्हा गाडीवर जात नाही. ही पायरी घाईत उरकली तर पुढे क्ले बार वाळूचे कण रंगावर फिरवत बसतो.

दुसरी पायरी डांबराची. दारांच्या खालच्या भागावर आणि चाकांच्या मागे काळे ठिपके असतील तर तिथे टार रिमूव्हर लावून मिनिटभर थांबावे. डांबर सुटले की मऊ कापडाने टिपून घ्यावे आणि तो भाग पुन्हा शाम्पूने धुवावा.

तिसरी पायरी आयर्न रिमूव्हरची. हातमोजे घालावेत आणि जागा हवेशीर असावी. बंद तळघरातल्या पार्किंगमध्ये हे काम करू नये. एका वेळी एक-दोन भागांवरच फवारावे. बाटलीवर दिलेली वेळ, जी साधारण तीन ते पाच मिनिटे असते, ती पाळावी. द्राव सुकू लागला तर वेळ पूर्ण होण्याची वाट न पाहता धुऊन टाकावा. शेवटी सांध्यांतून आणि चिन्हांच्या कडांमधून पाणी नीट सोडावे.

यानंतर पिशवीची चाचणी पुन्हा करावी. अनेक गाड्यांवर खरखर इथेच बरीचशी गेलेली असते. ज्या भागावर ती उरली असेल तेवढ्यावरच चौथी पायरी करावी. बारीक प्रतीचा क्ले बार घ्यावा. बारचे तीन-चार तुकडे करून एका वेळी एकच वापरावा. चपाती लाटण्याआधी कणीक दाबतात तसा तो तळहातावर चपटा करावा. साधारण दीड फूट लांब-रुंद भागावर भरपूर वंगण फवारून तो सरळ रेषेत, पुढे-मागे फिरवावा. गोल गोल फिरवू नये. दाब फक्त हाताच्या वजनाइतका. सुरुवातीला गोळा अडतो आणि खरखर आवाज येतो. आवाज थांबला आणि गोळा सहज सरकू लागला की तिथे थांबायचे. प्रत्येक भागानंतर गोळा मळून घ्यावा. तो जमिनीवर पडला तर धुऊन पुन्हा वापरू नये, सरळ टाकून द्यावा. वीस-तीस रुपयांचा तुकडा वाचवताना त्यात अडकलेला खडीचा एक कण अख्ख्या दारावर ओरखडा काढू शकतो.

शेवटची पायरी संरक्षणाची. या सगळ्यात आधीचा मेण किंवा सीलंटचा थर निघून गेलेला असतो आणि क्लिअर कोट उघडा पडलेला असतो. त्यामुळे त्याच दिवशी वॅक्स किंवा सीलंट लावायला हवे. ही पायरी सोडली तर नवे कण अधिक सहज चिकटतात आणि महिन्याभराची मेहनत वाया जाते.

सिमेंट, बोअरचे पाणी आणि आंब्याचा मोहोर यांचे काय?

महाराष्ट्रातल्या शहरांत या तीन तक्रारी हमखास असतात आणि तिन्हींवर क्ले बार हा पहिला उपाय नाही. पुलाच्या किंवा इमारतीच्या कामाखालून जाताना पडलेला सिमेंटचा ओला शिंतोडा लगेच भरपूर पाण्याने धुतला तर निघून जातो. तो सुकला तर दगडासारखा होतो आणि त्यातली वाळू क्लेखाली आली तर खोल ओरखडे पडतात. नखाने किंवा पत्तीने खरवडणे त्याहून वाईट. सिमेंट अल्कलीयुक्त असते, त्यामुळे ते सौम्य आम्लाने मऊ पडते. त्यासाठी मिळणारे खास द्राव किंवा पाणी घालून पातळ केलेले व्हिनेगर कापडावर घेऊन डागावर थोडा वेळ ठेवावे आणि मग धुवावे. थर मोठा असेल तर हे काम व्यावसायिकाकडेच द्यावे.

बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्याने गाडी धुऊन उन्हात तशीच सोडली की पांढरी वर्तुळे उमटतात. ते पाण्यातले क्षार असतात. इथेही पातळ व्हिनेगर एक-दोन मिनिटे लावून धुतल्यास ताजे डाग जातात. पण क्षारांनी क्लिअर कोटमध्ये खळगा पाडला असेल तर तो कोणत्याही द्रावाने भरून येत नाही. साधा प्रतिबंध म्हणजे धुतल्यावर गाडी लगेच कोरडी पुसणे.

आंब्याखाली उभी केलेली गाडी मोहोराच्या दिवसांत चिकट होते. हा चिकटपणा बहुतांशी मोहोरावरच्या तुडतुड्यांनी सोडलेल्या गोड द्रवाचा असतो. त्यावर पुढे काळी बुरशी धरते. ताजा असताना तो कोमट पाणी आणि शाम्पूने निघतो, आठवडाभर उन्हात भाजला गेला की घट्ट बसतो. पक्ष्यांच्या विष्ठेचेही तसेच. ती कोरडी पुसू नये. ओले फडके पाच मिनिटे ठेवून मऊ करावी आणि मग उचलावी.

समाजमाध्यमांवरचे ‘घरगुती जुगाड’ किती खरे?

टूथपेस्टने रंग चमकतो, कारण टूथपेस्टमध्ये घासणारे कण असतात. म्हणजे ते अनियंत्रित पॉलिशच झाले. बेकिंग सोड्याचेही तेच. कोलामध्ये फॉस्फोरिक आम्ल असते, त्यामुळे गंजावर आणि क्षारांवर थोडा परिणाम दिसतो, पण साखर मागे राहते. रॉकेलने डांबर सुटते, मात्र तेलकट थर उरतो. पेट्रोल वापरणे तर सरळ आगीला आमंत्रण आहे. भांड्यांच्या साबणाने एकदा धुतल्याने रंग जात नाही, पण वॅक्सचा थर उतरतो, त्यामुळे तो रोजच्या धुण्यासाठी नाही.

सर्वांत धोकादायक सल्ला शौचालय स्वच्छ करण्याचे आम्ल वापरण्याचा आहे. त्यातले हायड्रोक्लोरिक आम्ल ॲल्युमिनियमचे रिम, क्रोमच्या पट्ट्या आणि उघडे लोखंड खाऊन टाकते. कोणतीही दोन रसायने एकमेकांत मिसळू नयेत. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो. आयर्न रिमूव्हरही आम्लयुक्त क्लीनरसोबत वापरू नये.

कोणी करू नये आणि किती वेळा करावे?

यासाठी कॅलेंडर नव्हे, पिशवीची चाचणी प्रमाण मानावी. पावसाळा संपल्यावर एकदा आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला एकदा चाचणी केली तरी बहुतेक गाड्यांना पुरते. अनेकांना वर्षातून एकदा आयर्न रिमूव्हर आणि त्याहून क्वचित क्ले लागतो. नवी गाडीही याला अपवाद नाही. कारखान्यातून निघून ग्राहकाच्या हाती येईपर्यंत ती आवारात उघड्यावर उभी राहिलेली असू शकते. पण ‘नवी आहे म्हणून क्ले करूनच घ्या’ हा आग्रह चाचणीशिवाय मान्य करण्याचे कारण नाही.

मॅट रंगाच्या गाडीवर क्ले वापरू नये. घासल्यास त्या भागाला चमक येते आणि ती घालवता येत नाही. सिरॅमिक कोटिंग किंवा पीपीएफ असलेल्या गाडीवर ते बसवणाऱ्याला विचारल्याशिवाय काही करू नये. गाडी आधी डेंटिंग-पेंटिंग करून घेतलेली असेल तर त्या भागावरचा रंग किती जाड आणि किती टिकाऊ आहे हे सांगता येत नाही. तिथे अधिक सावध राहावे. ओरखड्यात नख अडकत असेल किंवा पापुद्रे सुटत असतील तर तो क्लेचा विषय नव्हेच.

बाजारातली स्वस्त ‘पॅकेजेस’ घेतानाही एक प्रश्न विचारावा : रंगाची जाडी मोजणार का? चांगल्या डिटेलिंग स्टुडिओत त्यासाठी मीटर असतो आणि पॉलिशआधी ते मोजमाप दाखवतात. न मोजता थेट मशिन लावणारा स्वस्त पडला तरी महागच ठरतो. वॉरंटीवरही विसंबून राहता येत नाही. हवेतून पडणारे कण, झाडांचा चीक, पक्ष्यांची विष्ठा यांनी झालेले नुकसान साधारणपणे कंपनीच्या वॉरंटीबाहेर ठेवलेले असते. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत तो भाग वाचून घ्यावा.

रोजच्या सवयींचाही वाटा मोठा आहे. अनेक सोसायट्यांत पहाटे एकाच बादलीत आणि एकाच फडक्याने आठ-दहा गाड्या पुसल्या जातात. पुसणाऱ्याला ठरावीक वेळेत सगळ्या गाड्या संपवायच्या असतात, त्यामुळे दोष त्याचा एकट्याचा नाही. पण कोरड्या धुळीवर फडके फिरले की ती धूळच पॉलिश पेपरचे काम करते. त्याला दोन स्वच्छ मायक्रोफायबर फडकी देणे आणि फार धूळ असेल त्या दिवशी न पुसण्यास सांगणे, हा कोणत्याही कोटिंगपेक्षा स्वस्त उपाय आहे.

पाण्याचे आणि सांडपाण्याचे काय?

मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूत पाणीटंचाई तीव्र झाली, तेव्हा तिथल्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी घालून ५ हजार रुपये दंड ठरवला. महाराष्ट्रातही उन्हाळ्यात टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांत नळी लावून गाडी धुण्यास मनाई असते. बादली आणि मग वापरला तर हेच काम बरेच कमी पाण्यात होते. आयर्न रिमूव्हर मात्र नीट धुऊन काढावाच लागतो, त्यात काटकसर करता येत नाही. पाणी पुरेसे नसेल तर ती पायरी पुढे ढकलणे योग्य. शिवाय पार्किंगमधले पाणी अनेकदा थेट पावसाळी गटारात आणि तिथून नाल्यात, नदीत जाते. त्यामुळे हौसेपोटी दर महिन्याला फवारणी करणे गाडीच्या आणि पाण्याच्या, दोन्हींच्या हिताचे नाही.

मूळ स्रोतावर नियंत्रण येते आहे का?

बॉनेटवर बसणारे कण हवेतूनच येतात आणि तीच हवा श्वासातून आत जाते. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवेची मानके न पाळू शकलेल्या शहरांच्या यादीत महाराष्ट्रातली १९ शहरे आहेत. त्यात मुंबई, पुणे, नागपूर यांच्याबरोबर चंद्रपूर, जालना, सांगली, बदलापूर अशी शहरेही आहेत. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांच्या धुळीसाठी नियमावली काढली. ७० मीटरपेक्षा उंच इमारतींच्या कामाभोवती किमान ३५ फुटी पत्रे, पाण्याची फवारणी, बाहेर पडणाऱ्या ट्रकची चाके धुणे अशा अटी त्यात आहेत. मुंबई उच्च न्यायालयानेही त्याच सुमारास हवेच्या प्रदूषणाची स्वतःहून दखल घेतली. या अटी जिथे पाळल्या जातात, तिथे शेजारच्या गाड्यांवरचे सिमेंटही कमी होते.

ब्रेकच्या भुकटीकडे मात्र सरकारांचे लक्ष उशिरा गेले. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेले बीएस-६ निकष प्रामुख्याने इंजिनातून निघणाऱ्या धुरापुरते आहेत. युरोपीय संघाने २०२४ मध्ये मंजूर केलेल्या ‘युरो ७’ नियमांत प्रथमच ब्रेकमधून उडणाऱ्या कणांना मर्यादा घातली. पेट्रोल, डिझेल आणि हायब्रिड मोटारींसाठी ती किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम, तर पूर्णपणे बॅटरीवर चालणाऱ्या मोटारींसाठी ३ मिलिग्रॅम आहे. नव्या मॉडेलसाठी हे नियम लागू होण्याची तारीख २९ नोव्हेंबर २०२६ आहे. बॅटरीवरच्या गाड्यांना कडक मर्यादा शक्य होते, कारण त्या वेग कमी करताना मोटर उलटी वापरून वीज परत मिळवतात आणि ब्रेक कमी घासतो. भारतातल्या अनेक छोट्या गाड्यांना मागे असणारे जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेकही इथे उपयोगी ठरतात, कारण त्यांची बरीचशी भुकटी ड्रमच्या आतच राहते.

असे निकष भारतात येईपर्यंत गाडीमालकाच्या हातात काही साध्या गोष्टी आहेत. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवून चालवले की ब्रेक कमी लागतात. ग्राइंडिंग चालू असेल तिथून गाडी हलवावी किंवा तिच्यावर आवरण टाकावे. रुळांलगत गाडी उभी करणे टाळता येत नसेल तर वॅक्सचा थर टिकवून ठेवावा. आणि नवी बाटली मागवण्याआधी घरातली एक पातळ पिशवी हातात घालून बॉनेटवरून बोटे फिरवून पाहावीत. खरखर लागली नाही तर त्या रविवारी गाडीला नुसते पाणी आणि शाम्पू पुरेसे आहे.